कात्रणाच्या पाठीवरची तारीख

मधूकाका, मी तुमच्यावर रागावले आहे. माणूस जाऊन तीन आठवडे झाले की त्याच्याविषयी चांगलं बोलायचं असतं, एवढं मलाही कळतं. परवा तुमच्या शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. कोणी तुम्हाला निर्भीड म्हणालं, कोणी चालताबोलता इतिहास. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेत बसून डुलकी काढली असतीत आणि घरी येऊन काकूंना म्हणाला असतात, "चार ओळींची बातमी, पाऊण तास बोलले." मलाही बोलायला सांगितलं होतं. मी माईकपाशी गेले, "मधूकाका फार…" एवढं म्हटलं आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, भरून आलं बिचारीला. आलंच होतं भरून. पण घशात जे अडकलं होतं ते वेगळंच होतं. 'अहो काका, हे काय करून ठेवलंत?' एवढं एकच वाक्य अडकलं होतं, आणि ते काही शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून इथे बोलते. ऐकून घ्या. मध्ये बोलायची सवय होती तुम्हाला, आता तीही सोय राहिली नाही.

नात्याने तुम्ही माझे कोणी नव्हतात. मी कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई, पंचेचाळिशीत पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलेली. विषय काय, तर मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात बसणाऱ्या बायका. त्यांच्याविषयी सरकारी कागदांत दोन ओळी सापडायच्या नाहीत. सापडलं तर जुन्या वर्तमानपत्रांत सापडेल, म्हणून कोणीतरी मला तुमच्याकडे पाठवलं. चाळीस वर्षं रत्नागिरीहून बातम्या पाठवणारा माणूस, घरात कात्रणांच्या वह्या आहेत, एवढंच माहीत होतं मला. तुम्ही पडवीत झोपाळ्यावर बसला होतात. माझा विषय ऐकून म्हणालात, "बायकांवर लिहित्येस? मग आधी चहा घे. त्या बायकांनी मला जेवढ्या शिव्या घातल्यात ना, तेवढ्या कलेक्टरनेही नाही घातल्या."

अकरा वह्या आणून ठेवल्यात माझ्यापुढे. मी पहिली उघडली आणि कपाळाला हात लावला. काय सुरेख कात्रणं! एकेक बातमी शिंप्याच्या कात्रीने चारी बाजूंनी सरळ कापलेली, रांगेत चिकटवलेली. आणि त्या सरळ कापण्याच्या नादात पानाचा वरचा पट्टा, जिथे दैनिकाचं नाव असतं, तारीख असते, पान क्रमांक असतो, तो सगळा तुम्ही कापून टाकलेला. अकराच्या अकरा वह्यांत एक तारीख नाही.

"काका, तारखा कुठायत?"

"तारखा कशाला? मी आहे ना," म्हणालात तुम्ही.

त्या वाक्यावर मी तेव्हा हसले होते.

पुढची दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी तुमच्या पडवीत. मी वही उघडायची, कात्रणावर बोट ठेवायचं, तुम्ही डोळे मिटून सांगायचंत, "ही होय? त्या वर्षी शिमग्याची पालखी मिरकरवाड्यातून गेली आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हाची." मग मी जुनं पंचांग काढायची, तारीख ताडायची, ग्रंथालयात जाऊन त्या तारखेचा अंक बघायची. दहातली नऊ वेळा बातमी तिथे असायचीच. पान पाच, तळाशी, कोपऱ्यात. तुमच्या बातम्या नेहमी तळाशी कोपऱ्यात. मला गंमत वाटायची, तुम्हाला नाही वाटायची.

वर्तमानपत्राचा संदर्भ कसा द्यायचा हे मी तुम्हाला शिकवायला गेले, आणि तुम्हीच मला शिकवलंत. आठवतं? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग मथळा अवतरणचिन्हांत, मग दैनिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, मग आवृत्ती, तारीख, पान. तुम्ही म्हणालात, "म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारखं. पोस्टमन थेट त्या घरी गेला पाहिजे." मी म्हटलं, बरोबर, वाचणाऱ्याला त्या पानापाशी जाता आलं पाहिजे. मग मी माझा एक छापून आलेला निबंध कौतुकाने पुढे केला. तुम्ही चष्मा लावलात, तळटीप वाचलीत आणि चष्मा काढलात.

"ही आठ तारीख कुठून आणलीस?"

"बातमीतच आहे की. 'रत्नागिरी, दि. ८'."

"अगो, आठला मी लिहिली! आठला संध्याकाळच्या एस.टी.ने पाकीट गेलं. नऊला तिकडे पोचलं. जागा असली तर दहाला छापली, मंत्र्याचा दौरा असला तर बाराला. तू आठचा अंक मागवशील त्यात माझी बातमी कशी असेल? तुझा पोस्टमन गेला की भलत्याच घरी!" आणि तुम्ही असे हसलात, की आतून काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं शिकवते आहे मी, आणि बातमी लिहिल्याची तारीख वेगळी, छापल्याची वेगळी, एवढं मला ठाऊक नसावं? त्या दिवसापासून माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला मी पहिली ही गोष्ट सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

भांडलोही किती. आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण तुमच्या नावाचं. चाळीस वर्षांत तुमच्या बातमीवर तुमचं नाव एकदाही आलं नाही. 'वार्ताहर' किंवा 'आमच्या प्रतिनिधीकडून', बस्स. नियम असा की नाव छापलेलं नसेल तर नोंद मथळ्यापासून सुरू करायची. मी म्हटलं, मला माहीत आहे ना कोणी लिहिलंय, मी चौकटी कंसात तुमचं नाव घालते. तुम्ही साफ नाही म्हणालात. "छापलं नाही ते लिहायचं नाही. आज तू माझं घालशील, उद्या दुसरा कोणी आपल्या सासऱ्याचं घालील." मी चिडले. म्हटलं, "इतका कसला हो अभिमान, नाव नसण्याचा?" तुम्ही झोपाळ्याला पायाने रेटा दिलात. मग म्हणालात, "अभिमान कसला. सवय झाली." त्यानंतर मी तो विषय काढला की तुम्ही काकूंना कोकम सरबत आणायला सांगायचंत. भांडण तिथेच राहिलं ते राहिलंच.

आणि मग बारावी वही.

बारावी वही तेव्हा वही नव्हतीच, बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आपलं इथलं जे छोटं दैनिक होतं, बंद पडून जमाना झाला त्याला, त्यातल्या तुमच्या बातम्या. त्या दैनिकाची कचेरी होती तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, मालक गेले, फायली कोणी ठेवल्या नाहीत, ग्रंथालयातही एक अंक नाही. म्हणजे त्या डब्यात होतं तेवढंच जगात शिल्लक. तुम्ही डब्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढलात, घडी न उलगडता हातातच धरून मला वाचून दाखवलंत. 'मिरकरवाड्यात मासळी विक्रेत्या महिलांनी टोपल्या उचलल्या नाहीत.' रत्नागिरी, दि. १४, वार्ताहर. उन्हातान्हात, पावसात उघड्यावर बसून मासळी विकणार नाही, डोक्यावर छप्पर द्या, म्हणून बायका धक्क्यावर टोपल्या समोर ठेवून दिवसभर बसून राहिल्या. नऊ ओळी.

काका, माझा अख्खा प्रबंध त्या नऊ ओळींवर आहे. कागदोपत्री असं आहे की छप्पर सरकारने आपण होऊन मंजूर केलं, बायकांची सोय म्हणून. मंजुरीची तारीख कचेरीत आहे, शिक्क्यासकट. धक्क्यावरची पारूमावशी, तीच जी अजून बसते सुरमईची टोपली घेऊन, ती मला गेली दोन वर्षं सांगते आहे, "आधी आमी बसलो, मंग छप्पर झालं." पण तिच्या सांगण्याला कागद नाही. कागद होता तो तुमच्याकडे. त्याच्यावरची तारीख मंजुरीच्या आधीची असली, की पारूमावशी खरी. तुम्ही तर छातीवर हात ठेवून म्हणालात, "आधी बायका बसल्या. मी होतो तिथे. माझ्या धोतरावर त्यांनी पाणी उडवलं होतं."

मी म्हटलं, "तारीख?"

तुम्ही एक वर्ष सांगितलंत. मग डोकं खाजवून दुसरं सांगितलंत.

त्याच्या आदल्याच गुरुवारी तुमची एक तारीख वर्षाने चुकली होती. मी ग्रंथालयातून तावातावाने आले होते, तेव्हाही काही बोलले नव्हते. या वेळी माझा तोल गेला. परीक्षेचे पेपर तपासून डोकं उठलेलं, मुंबईहून मार्गदर्शक सरांचे फोनवर फोन. मी म्हटलं, "काका, तुमच्या आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, तो त्यांनी तिथेच कट्ट्यावर ठेवला. तुम्ही घडी परत डब्यात ठेवलीत, झाकण लावलंत. म्हणालात, "बरोबर आहे तुझं." एवढंच. दुसरं कोणी असतं तर मला दारातून घालवून दिलं असतं. मला त्याच क्षणी तुमच्या पाया पडायला हवं होतं, आणि मी काय केलं? सूचना दिल्या! मास्तरीणपण अंगात भिनलंय माझ्या. म्हटलं, हे सुटे कागद डब्यात ठेवू नका, दमट हवेत बुरशी येते, वहीत चिकटवा. पिठाची खळ लावू नका, खळीला कसर लागते. आणि प्रत्येक कात्रणावर तारीख लिहा. जेवढी आठवते तेवढी लिहा, मग आपण बघू.

प्रत्येक कात्रणावर लिहा म्हटलं. कुठे लिहा ते मी सांगितलं नाही.

त्यानंतरचे तीन गुरुवार मी आले नाही. पेपर तपासायचे होते. खरं सांगू? पेपर होतेच, पण तुमच्यासमोर यायची लाजही वाटत होती. तुम्ही एकदा फोन केलात. "डॉक्टरीणबाई, वही तयार होत्ये. ये जरा, तुला गंमत दाखवायची आहे." तुम्ही मला नेहमीच डॉक्टरीणबाई म्हणायचंत आणि मी नेहमीच म्हणायची की अजून झाले नाही हो, दृष्ट लागेल. त्या दिवशीही म्हटलं, "झाले नाही अजून. पुढच्या गुरुवारी नक्की." पुढच्या गुरुवारी मी आले तेव्हा अंगणात माणसं होती आणि झोपाळा कडीला अडकवून वर बांधून ठेवलेला होता.

तेरावा झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. बारावी वही माझ्या हातात दिली. वर्तमानपत्राच्याच कागदाचं कव्हर घातलेलं, वर तुमच्या अक्षरात 'बारा'. काकू इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हसल्या.

"तारखा लिहिल्यानी हो त्यांनी. सगळ्यांवर. तुला सांगू नको म्हणून बजावलंनी होतं मला. म्हणाले, येऊन बघू दे तिला, तोंड बंद होईल."

मी म्हटलं, "आठवल्या त्यांना?"

"आठवायचंय कशाला? डब्यातली पानं अख्खीच होती गो! कापलेली नव्हतीच. वर छापलेली तारीख असते ना, ती बघून लिहायचे. तारीख, पान नंबर, सगळं. आठ दिवस दुपारचं निजले नाहीत. आणि मग वहीत मावत नाहीत म्हणून कापून चिकटवल्यानी. मीच डिंक लावून देत होत्ये."

मधूकाका, अख्खी पानं! मी समोर बसले होते, तुमच्या हातात ती चार घड्यांची पानं होती, वरच्या पट्ट्यावर तारीख छापलेली होती, आणि आपण दोघं डोकं खाजवत वर्ष आठवत होतो! तुम्हीही घडी उलगडली नाहीत, मीही उलगडा म्हटलं नाही. अकरा वह्यांची सवय. कात्रण म्हणजे कापलेलंच असणार, असं आपण दोघंही धरून चाललो.

मी वही उघडली. सुरेख, सरळ कडा. एका कात्रणावर तारीख नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही.

"काकू, तारखा कुठायत?"

"पाठीमागे," काकू म्हणाल्या. "त्यांची पद्धत माहित्ये ना तुला? पेपरला फोटो पाठवायचे तेव्हा नावगाव नेहमी फोटोच्या पाठीवर लिहायचे. पुढच्या बाजूला शाई लागता उपयोगी नाही म्हणायचे."

पाठीवर लिहिलंत. आणि पाठीला डिंक लावून चिकटवलंत. खळ नको म्हटलं होतं मी, म्हणून समोरच्या सुताराकडून लाकूड चिकटवायचा पांढरा डिंक आणलात. पक्कं काम. माझी एकेक सूचना तंतोतंत पाळलीत तुम्ही. एकही विसरला नाहीत. एवढं आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाहीत, माझं मेलीचं कशाला ऐकलंत?

काकूंना अजून लक्षात आलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आता तुझं काही अडायचं नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो काकू, सगळं झालं." आणि वही पोटाशी धरून बाहेर पडले. खोटं बोलले तुमच्या घरात उभी राहून. दुसरं काय बोलणार होते? स्वतःच्या हाताने डिंक त्यांनी लावलाय.

मग जे जे सुचलं ते केलं. वहीचं पान उन्हात काचेवर धरलं. मागच्या बाजूलाही कात्रण, त्याच्या पाठीवरही छापलेलं, आणि मध्ये तुमची शाई. काळ्यावर काळं, काही लागत नाही. एक बिनमहत्त्वाचं कात्रण निवडलं, पंचायत समितीच्या बैठकीचं, आणि वाफ दिली. कागदाचा वरचा पापुद्रा सुटून हातात आला, पाठ वहीलाच चिकटून राहिली. बैठकही गेली आणि तारीखही. मी त्या पापुद्र्याकडे बघत स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मोठ्याने रडले. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, बाई, खळ असती तर पाण्याने सुटली असती.

खळ असती तर! मीच नको म्हटलं होतं ना खळ.

तुमच्या कार्बनच्या प्रतीही शोधल्या मी. माहीत असूनही शोधल्या. बातमी लिहिताना कार्बन घालून दोन प्रती काढायचंत तुम्ही, आणि छापून आलं की तुमची प्रत बंबात. "छापलेलं ते खरं, बाकी सरपण." त्या पानांचे कापलेले पट्टेही बंबातच गेले असतील. कोणाच्या तरी आंघोळीचं पाणी तापलं असेल त्यावर.

मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तारीख नाही असं लिहा, त्याला मान्यता आहे. पण मग आधी काय आणि नंतर काय, हे त्या कात्रणाच्या जोरावर म्हणता येणार नाही. ते वाक्य काढा." मी म्हटलं, सर, तारीख आहे, पाठीवर आहे. ते म्हणाले, "तुम्ही वाचलीत का?" मी म्हटलं, नाही. "मग नाही," म्हणाले. त्यांचं काय चुकलं? मीच तुम्हाला नेमकं हेच म्हटलं होतं, चहा थंड होत असताना.

काल मिरकरवाड्याला गेले होते. पारूमावशीला तुमचं कळलं होतं. टोपलीवरचा ओला फडका सारखा करत म्हणाली, "पेपरवाला गेला म्हन्तात. बरा होता गो. आमी पाणी उडवलेलं त्याच्यावर, तरी खरं लिवलान." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लिवलंस? आमी आधी बसलो ते?" मी म्हटलं, लिहिते आहे मावशी. तिने मला जबरदस्तीने दोन बांगडे दिले. मी ते घरी आणले आणि मला ते साफ करायलाही धीर होईना.

आज सकाळी वही पुन्हा काढली. ते नऊ ओळींचं कात्रण. डोळ्यांनी काही होत नाही म्हणून नुसतं बोट फिरवत बसले. आणि काका, बोटाला लागलं. तुम्ही कार्बनच्या सवयीने पेन इतकं दाबून चालवायचंत की कागद मागून उठायचा. तो उठाव डिंकातूनही राहिलाय. मी श्वास धरून डोळे मिटले. वर दोन ओळी आहेत, बारीक, त्यांच्यावर छापील अक्षरांची गर्दी. एक शून्य लागतं, नाहीतर ते ठ असेल, नाहीतर कागदाची सुरकुती. किती वेळा फिरवलं बोट. काही म्हणता काही वाचता येत नाही.

पण खाली आणखी काहीतरी होतं. एक लांब आडवी रेघ, आणि तिच्याखाली दुसरी. मी दुसऱ्या कात्रणांवर बोट फिरवून बघितलं. कुठेच नाही. फक्त याच्यावर. मग मी फाइलमधलं तुमचं पत्र काढलं, वह्या वापरायला परवानगी आहे म्हणून तुम्ही लिहून दिलेलं. खाली तुमची सही. सहीखाली दोन रेघा, दुसरी इतकी दाबून की कागद फाटलाय. पत्रावर बोट ठेवलं, मग कात्रणावर. तेच.

सही केलीत तुम्ही, काका. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या बातमीवर आपलं नाव घातलंत. मी भांडले होते म्हणून असेल, नाहीतर स्वतःलाच वाटलं असेल एकदा. हीच गंमत दाखवायची होती ना मला? फोनवर म्हणालात ती? आणि मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी.

संदर्भसूचीत ती नोंद मी आत्ता केली. नाव छापलेलं नाही, म्हणून मथळ्यापासून सुरू केली. दैनिकाचं नाव तिरपं केलं. तारखेच्या जागी 'तारीख नाही' लिहिलं, पानाच्या जागी 'पान क्रमांक नाही'. शेवटी 'कात्रण, खाजगी संग्रह, वही बारा'. नोंद अगदी नियमात बसते, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहे. आणि ती खोटी आहे. तारीख आहे, पान आहे, लिहिणाऱ्याचं नाव आहे. एका हाताने ते सगळं मी चाचपते आहे आणि दुसऱ्या हाताने 'नाही' लिहिते आहे.

पारूमावशीचं वाक्य प्रबंधातून अजून काढलेलं नाही. सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. काका, फक्त महिना सांगा. वर्ष माझं मी शोधीन.